घर तुमचं, पण खालची जमीन कुणाची? मुंबईत मालमत्ता कायदा शिकताना

मुंबईत अशा हजारो इमारती आहेत, जिथल्या रहिवाशांनी घराचे पूर्ण पैसे भरले, कर्जाचे हप्ते फेडले, सोसायटीही नोंदवली. तरीही इमारतीखालची जमीन सरकारदप्तरी आजही बिल्डरच्या, किंवा त्याच्याही आधीच्या एखाद्या मालकाच्या नावावर आहे. हे कसं चालतं, मग आपण विकत घेतलं ते नेमकं काय, हे प्रश्न ज्याला स्वस्थ बसू देत नाहीत, त्यानं मालमत्ता कायद्याचा अभ्यास जरूर करावा. आणि त्यासाठी मुंबईइतकी चांगली जागा देशात दुसरी नाही, असं माझं मत आहे. जमिनीच्या मालकीचे जितके गुंतागुंतीचे प्रकार कल्पनेत येतील, ते सगळे या शहरात प्रत्यक्ष नांदत आहेत.

चर्चगेटचं शासकीय विधी महाविद्यालय १८५५ पासून कायदा शिकवतं आहे. १९३५ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे प्राचार्य झाले. पण तिथे किंवा शहरातल्या दुसऱ्या कुठल्या लॉ कॉलेजात ‘रिअल इस्टेट लॉ’ नावाचा एखादा स्वतंत्र विषय एलएल.बी.च्या वेळापत्रकात शोधायला गेलात, तर तो बहुधा सापडणार नाही. हा विषय तुकड्या-तुकड्यांनी समोर येतो. पहिल्या वर्षी करार कायदा असतो. पुढे मालमत्ता हस्तांतरण कायदा येतो, वारसाहक्काचा कायदा वेगळ्याच सत्रात असतो, सहकार आणि जमीन महसूल आणखी कुठेतरी. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांनुसार मालमत्ता कायदा सक्तीचा आहे, आणि दस्त लिहायला शिकवणारा ‘ड्राफ्टिंग, प्लीडिंग आणि कन्व्हेयन्सिंग’ हाही विषय सक्तीचा आहे. हे तुकडे जोडून चित्र पुरं करण्याचं काम मात्र विद्यार्थ्याला स्वतःच करावं लागतं. ते कसं जुळतं, हे या लेखात पाहू.

१८८२ चा कायदा आणि ‘विक्री’

सगळ्याचा पाया म्हणजे मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२. जिवंत माणूस दुसऱ्या जिवंत माणसाला मिळकत देतो, तेव्हा ती देण्याचे प्रकार कोणते आणि प्रत्येकाच्या अटी काय, हे तो सांगतो. विक्री, गहाण, भाडेपट्टा, अदलाबदल, बक्षीस हे ते प्रकार. माणूस मेल्यानंतर मिळकत कुणाकडे जाते, हा प्रश्न या कायद्याचा नाही; तो वारसा कायद्याचा. परीक्षेत बरेच विद्यार्थी इथेच घोटाळा करतात आणि मृत्युपत्राला या कायद्याचे नियम लावतात.

यातलं कलम ५४ पाठ असायलाच हवं. शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीची स्थावर मिळकत नोंदणीकृत दस्तानेच विकता येते, असं ते म्हणतं. आज याचा अर्थ, जवळजवळ प्रत्येक मिळकत. त्याच कलमात पुढे असंही म्हटलं आहे की, विक्रीचा करार हा स्वतः मिळकतीत कोणताही हक्क निर्माण करत नाही. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं, तर साठेखत केलं म्हणजे मालक झालात असं नाही. मालकी खरेदीखतानं मिळते. साठेखतामुळे फार तर खरेदीखत करून मागण्याचा अधिकार येतो.

मुखत्यारपत्रावर घर ‘घेणाऱ्यांनी’ हे नीट लक्षात ठेवावं. साठेखत, मुखत्यारपत्र आणि मृत्युपत्र असे तीन कागद एकत्र करून, मुद्रांक शुल्क वाचवत व्यवहार करण्याची रीत देशभर फोफावली होती. २०११ साली सूरज लॅम्प विरुद्ध हरियाणा राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट सांगितलं की, अशा कागदांनी मालकी हस्तांतरित होत नाही.

याच कायद्यात मुंबईचं नावही थेट येतं. मिळकतीचे मूळ दस्त बँकेकडे नुसते ठेवून गहाण निर्माण करण्याची सोय कलम ५८ मध्ये आहे. ती कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या शहरांत, आणि राज्य सरकार जाहीर करील त्या इतर शहरांत. व्यापारी पेठांना झटपट कर्ज मिळावं म्हणून केलेली ही तरतूद. आज गृहकर्ज घेताना बँक तुमचा मूळ करार ठेवून घेते, ते याच नियमाच्या आधारे. कलम ५२ ची गोष्टही तशीच. दावा चालू असताना कुणी मिळकत विकली, तर विकत घेणारा निकालाला बांधील असतो, हा देशभराचा नियम. बृहन्मुंबईतल्या मिळकतींसाठी मात्र १९३९ च्या दुरुस्तीनं एक अट घातली: दाव्याची नोटीस नोंदणी कार्यालयात नोंदवलेली असेल तरच हा नियम लागू होईल. म्हणून शहरात दावा लावणारा वकील नोटीस नोंदवायला विसरला, तर अशिलाचं मोठं नुकसान होऊ शकतं. पुस्तकात हा मजकूर जेमतेम दोन ओळींचा असतो, आणि त्याच विद्यार्थी गाळतात.

जमीन एकाची, इमारत दुसऱ्याची

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळू. इंग्लंडच्या जुन्या कायद्याचं तत्त्व असं की, जमिनीला जे पक्कं जोडलं ते जमीनमालकाचं. भारतात हे तत्त्व सरसकट लागू नाही. मुंबईतल्याच एका मिळकतीवरून निघालेल्या डॉ. के. ए. धैर्यवान विरुद्ध जे. आर. ठाकूर या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९५८ साली मान्य केलं की, जमीन एकाची आणि तिच्यावर बांधलेली इमारत दुसऱ्याची असू शकते. पक्षांनी करारात काय ठरवलं आहे, त्यावर ते अवलंबून. मुंबई समजून घ्यायची तर हा निकाल आधी वाचावा, असं मी म्हणेन. पोर्ट ट्रस्टची, महापालिकेची, जिल्हाधिकाऱ्यांची भाडेपट्ट्यानं दिलेली जमीन, तिच्यावर उभ्या इमारती, त्यात पागडीचे (म्हणजे सुरुवातीला मोठी रक्कम देऊन आलेले) भाडेकरू, आणि कुठे त्यांच्याकडून जागा घेतलेले पोटभाडेकरू. एकाच भूखंडावर चार-चार जणांचे चार प्रकारचे हक्क एकाच वेळी अस्तित्वात असतात, आणि त्यातला प्रत्येक हक्क खरा असतो.

म्हणूनच वर्गात शिकवलेली एक सवय पुढे जन्मभर उपयोगी पडते. ‘मालक कोण?’ असं न विचारता ‘कुणाकडे नेमका कुठला हक्क आहे?’ असं विचारायचं. ताबा कुणाचा, भाडं कोण घेतं, विकण्याचा अधिकार कुणाला, गहाण कुणाकडे, वाढीव बांधकामाचा हक्क कुणाचा: या प्रत्येकाचं उत्तर वेगळं असू शकतं.

मग फ्लॅटवाल्याचं काय?

मुंबईत फ्लॅट घेणाऱ्याच्या हाती बहुतेक वेळा ‘ॲग्रीमेंट फॉर सेल’ असतो, म्हणजे विक्रीचा करार. कलम ५४ नुकतंच वाचलेला विद्यार्थी इथे गडबडून जातो: करारानं मालकी मिळत नाही म्हणता, मग एवढे लोक कशाचे मालक? उत्तर महाराष्ट्राच्या मालकी हक्काच्या सदनिकांविषयीच्या १९६३ च्या कायद्यात आहे. वकिली बोलण्यात त्याला सगळे ‘मोफा’ म्हणतात. या कायद्याची रचना अशी: बिल्डरनं प्रत्येक ग्राहकाशी नोंदणीकृत करार करायचा, पुरेसे ग्राहक झाले की त्यांची सहकारी सोसायटी स्थापन करायची, आणि मग जमीन व इमारत यांचं हस्तांतरण, म्हणजे कन्व्हेयन्स, त्या सोसायटीच्या नावे करून द्यायचं. करारात वेगळी मुदत ठरली नसेल, तर सोसायटी नोंदल्यापासून चार महिन्यांत. म्हणजे मालक होते सोसायटी. तुम्ही तिचे सभासद. तुमच्या हाती भाग प्रमाणपत्र (शेअर सर्टिफिकेट) आणि त्या विशिष्ट सदनिकेत राहण्याचा हक्क.

हा हक्क कमी प्रतीचा आहे, असं मात्र नाही. १९७५ मध्ये रमेश हिम्मतलाल शहा विरुद्ध हरसुख जाधवजी जोशी या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की, सोसायटीतल्या सदनिकेचा ताबा घेण्याचा आणि तिथे राहण्याचा हक्क हीसुद्धा मालमत्ताच आहे. ती विकता येते आणि कर्जवसुलीसाठी जप्तही करता येते. मुद्रांक शुल्काच्या बाबतीत तर न्यायालय आणखी पुढे गेलं. वीणा हसमुख जैन विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९९९ च्या निकालानुसार मोफाखालचा करार शुल्कापुरता खरेदीखतच मानला जातो. तेव्हा एकच दस्त मालकीच्या दृष्टीनं करार ठरतो आणि शुल्काच्या दृष्टीनं खरेदीखत. हे विसंगत वाटतं, पण दोन कायदे दोन वेगळे प्रश्न विचारत असतात. आजच्या घडीला मुंबईत सदनिकेच्या करारावर ६ टक्के मुद्रांक शुल्क लागतं, घर महिलेच्या नावे घेतलं तर १ टक्का सवलत मिळते; नोंदणी फी १ टक्का, पण ३०,००० रुपयांच्या पुढे नाही.

(सोसायटीऐवजी १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखाली घोषणापत्र करण्याचा पर्यायही आहे. त्यात प्रत्येक सदनिकाधारकाला जमिनीत आणि सामाईक भागात अविभाज्य हिस्सा मिळतो. परीक्षेत या दोन पद्धतींची तुलना विचारतात, म्हणून इथे सांगून ठेवतो.)

अडचण अशी झाली की, पुष्कळ बिल्डरांनी सोसायटीला कन्व्हेयन्स करून दिलंच नाही. कारण सरळ आहे. जमीन ज्याच्या नावावर, वाढीव एफएसआयचा, म्हणजे भूखंडावर किती बांधता येईल त्या प्रमाणाचा, फायदा त्याचा. शहरात एफएसआयचे नियम बदलले की त्याच भूखंडावर आणखी बांधता येतं, आणि जमिनीचा कागद हाती ठेवणारा ती संधी सोडत नाही. इमारत जुनी होते, पुनर्विकासाची वेळ येते, आणि सोसायटीच्या लक्षात येतं की आपल्या पायाखालची जमीन आपली नाहीच.

यावर २००८ साली मोफात दुरुस्ती होऊन मानीव अभिहस्तांतरण आलं, ज्याला सगळे ‘डीम्ड कन्व्हेयन्स’ म्हणतात. बिल्डर सही करत नसेल, तर सोसायटीनं सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करायचा. ते सक्षम प्राधिकारी म्हणून दोन्ही बाजू ऐकतात आणि सोसायटी पात्र असेल तर प्रमाणपत्र देतात. त्याआधारे बिल्डरच्या सहीशिवाय दस्त नोंदला जातो. फ्लॅटधारकांच्या बाजूनं महाराष्ट्रात झालेल्या कायद्यांत ही दुरुस्ती मला सर्वांत मोलाची वाटते. मात्र तिची मर्यादाही ओळखावी. उपनिबंधक मालकीचा अंतिम निवाडा करत नाहीत. जमिनीच्या मालकीविषयी खरा वाद असेल, तर दिवाणी न्यायालयाचा दरवाजा उघडाच राहतो. मुंबई उच्च न्यायालयानं हे वारंवार सांगितलं आहे.

मोफाच्या संदर्भात आणखी एक निकाल वाचायलाच हवा. दहिसरच्या पांचाली सोसायटीच्या इमारतीखाली, खांबांमधल्या मोकळ्या जागेत असलेल्या पार्किंगवर बिल्डर हक्क सांगत होता. नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सोसायटी या खटल्यात २०१० साली सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की, ती जागा सामाईक आहे. बिल्डरला ती स्वतंत्रपणे विकता येणार नाही. ‘फ्लॅट’ची व्याख्या, ‘सामाईक भाग’ म्हणजे काय, कायद्याचा हेतू कसा वाचायचा, हे तीनही धडे त्या एका निकालात मिळतात.

टायटल: खरा अभ्यास इथे आहे

सर्वसामान्य माणसाचा एक ठाम समज असतो की, दस्त नोंदला म्हणजे सरकारनं मालकीवर शिक्कामोर्तब केलं. तसं नाही. दुय्यम निबंधक दस्त नोंदवतो. विकणारा खरोखर मालक आहे का, याची हमी देणं हे त्याचं काम नाही. सातबारा किंवा मिळकत पत्रिका (शहरातल्या जमिनीचं प्रॉपर्टी कार्ड), दोन्हींची तीच कथा. १९६६ च्या जमीन महसूल संहितेनुसार तिथली नोंद, उलट सिद्ध होईपर्यंत, खरी धरली जाते; पण फेरफारानं, म्हणजे त्या दप्तरातलं नाव बदलल्यानं, मालकी ना निर्माण होते ना नष्ट होते. महसूल कुणाकडून घ्यायचा, यासाठी ते दप्तर असतं. तेव्हा भारतात मालकी ‘दाखवणारा’ असा एकच अंतिम कागद नसतो. ती दस्तांच्या साखळीतून सिद्ध करावी लागते, आणि ती साखळी तपासण्याला टायटल (म्हणजे मालकी हक्क) तपासणी म्हणतात.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. अंधेरीत एका हिंदू गृहस्थानं १९५८ मध्ये स्वतःच्या कमाईतून भूखंड घेतला. १९७१ मध्ये मृत्युपत्र न करता तो वारला. मागे पत्नी, दोन मुलगे, एक मुलगी. मिळकत पत्रिकेवर फक्त मुलग्यांची नावं चढली. १९७९ मध्ये पत्नीही मृत्युपत्र न करता गेली. १९८४ मध्ये दोघा भावांनी बिल्डरला विकसन करार (जमिनीवर बांधण्याचे हक्क देणारा) आणि मुखत्यारपत्र दिलं, इमारत उभी राहिली, सोसायटी झाली. आता सोसायटीनं डीम्ड कन्व्हेयन्सची तयारी चालवली आणि बहिणीची वकिलामार्फत नोटीस आली.

घाईनं वाचणारा म्हणेल, मिळकत पत्रिकेवर तिचं नाव नाही, विषय संपला. नीट वाचणारा हिस्से मोजायला बसेल. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे वडिलांच्या स्वकष्टार्जित मिळकतीत पत्नी, दोन मुलगे आणि मुलगी यांना प्रत्येकी एक चतुर्थांश. आई गेल्यावर तिचा चतुर्थांश तिन्ही मुलांत समान, म्हणजे प्रत्येकाला आणखी एक द्वादशांश. एक चतुर्थांश आणि एक द्वादशांश मिळून एक तृतीयांश. यात २००५ च्या दुरुस्तीचा संबंधच येत नाही; ती एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीतल्या मुलींच्या जन्मसिद्ध हक्काबद्दल आहे, आणि २०२० चा विनीता शर्मा निकालही त्याबद्दलच आहे. इथे बहिणीचा हक्क १९७१ पासूनच होता. भावांच्या हाती दोघांचा मिळून दोन तृतीयांश हिस्सा होता, आणि त्यांनी व्यवहार केला पूर्ण जमिनीचा.

पुढचे प्रश्न आणखी रंगतात. हस्तांतरण कायद्याचं कलम ४४ सांगतं की, सहमालक आपला हिस्सा देऊ शकतो; दुसऱ्याचा नाही. त्याच कायद्याचं कलम ४१ बिल्डरला थोडा आधार देतं का? खऱ्या मालकाच्या संमतीनं जो मालक म्हणून वावरतो, त्याच्याकडून प्रामाणिकपणे आणि योग्य चौकशी करून घेणाऱ्याला ते संरक्षण देतं. पण बहिणीची संमती होती का, आणि बिल्डरनं वारसांची चौकशी केली होती का? मुदतीचं काय? ताब्यावरून दावा करायला १२ वर्षं मिळतात. पण सहमालकाचा ताबा हा सगळ्यांच्या वतीनं मानला जातो, आणि आपला हक्क नाकारला गेला हे बहिणीला कधी कळलं, ते सिद्ध करावं लागतं. भावांनी तिच्याकडून कधी हक्कसोडपत्र घेतलं होतं का? ते नोंदलेलं होतं का? नसेल तर ते निरुपयोगी. या एका उदाहरणात वारसा कायदा, हस्तांतरण कायदा, नोंदणी कायदा, मुदतीचा कायदा आणि मोफा असे पाच कायदे एकत्र आले. परीक्षेत ते पाच वेगवेगळ्या प्रश्नपत्रिकांत येतात; अशिलाच्या फाइलमध्ये ते एकत्रच येतात.

तपासणी सहसा मागच्या ३० वर्षांची करतात. तीही उगाच ठरलेली नाही. १९६३ च्या मुदतीच्या कायद्यात सरकारला दाव्यासाठी ३० वर्षं आहेत, आणि गहाण सोडवून घेण्याची मुदतही तितकीच. पण ३० वर्षं पाहिली म्हणजे झालं, असं समजू नये. मुलुंडसह उपनगरांत आणि ठाण्यात कित्येक इमारतींच्या जमिनी अचानक ‘खासगी वन’ ठरल्या, कारण १९५० च्या दशकात वन कायद्याखाली निघालेल्या नोटिसा. त्या नोटिसांवर पुढे काही झालं नव्हतं; दरम्यान रीतसर परवानग्या मिळाल्या, इमारती झाल्या, लोक राहायला आले. १९७५ च्या खासगी वन संपादन कायद्याचा आधार घेऊन त्या जमिनी सरकारच्या असल्याचं म्हटलं गेलं, उच्च न्यायालयानंही ते मान्य केलं. शेवटी ३० जानेवारी २०१४ रोजी गोदरेज अँड बॉइस विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयानं नुसत्या जुन्या नोटिशीच्या आधारे जमीन सरकारजमा होत नाही असं ठरवलं आणि रहिवाशांनी सुटकेचा श्वास सोडला. त्या घरांचे दस्त, करार, कर्जाचे कागद सगळे नीट होते. अडचण त्यांच्या कितीतरी आधीच्या दप्तरात होती.

गोव्यातल्या वाचकांसाठी एक वेगळी गोष्ट: तिथे पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेल्या कुटुंब कायद्यामुळे पती-पत्नीची मिळकत सहसा समाईक असते. म्हणून विकणाऱ्याबरोबर त्याच्या जोडीदाराची सही आहे का, हे साखळीतल्या प्रत्येक दस्तावर पाहावं लागतं.

भाडं, पागडी आणि ११ महिने

भाड्याचा कायदा हा मुंबईच्या अभ्यासक्रमाचा कणा म्हणावा इतका महत्त्वाचा आहे, पण इथे एकाच प्रश्नापुरतं थांबतो: घर भाड्यानं देताना सगळे ११ महिन्यांचा ‘लिव्ह अँड लायसन्स’च का करतात?

भाडेपट्ट्यानं मिळकतीत हक्क जातो. लायसन्सनं फक्त वापरण्याची परवानगी मिळते. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानं भाडेकरूला भक्कम संरक्षण दिलं आणि भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधली. मग घरमालक ‘भाडेकरू’ हा शब्द टाळून लायसन्स द्यायला लागले. १९७३ साली विधिमंडळानं त्याच कायद्यात कलम १५-अ आणून, १ फेब्रुवारी १९७३ रोजी ताब्यात असलेल्या लायसन्सधारकांना भाडेकरूच ठरवलं. या धक्क्याची आठवण मालकांच्या मनातून अजून गेलेली नाही. एक वर्षाहून कमी मुदत ठेवली म्हणजे नोंदणी लागत नाही, हा जुना नियमही डोक्यात पक्का बसलेला. पण महाराष्ट्रात आता तो चालत नाही. २००० मध्ये अमलात आलेल्या १९९९ च्या भाडेनियंत्रण कायद्याचं कलम ५५ सांगतं की, करार कितीही महिन्यांचा असो, तो लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. करार नोंदलेला नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. कलम ५६ नं पागडीलाही कायदेशीर मान्यता दिली. जुन्या चाळींचे दावे आजही धोबीतलावच्या लघुवाद न्यायालयात चालतात. विद्यार्थ्यानं तिथे मागच्या बाकावर बसून दिवसभर ऐकावं. पुस्तकातून हे सगळं इतकं स्पष्ट कळत नाही.

रेरा

२०१६ च्या रेरा, म्हणजे रिअल इस्टेट (नियमन व विकास) कायद्याबद्दल इतकं लिहिलं गेलं आहे की इथे थोडक्यात आटोपतो. करार नोंदल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. ग्राहकांकडून आलेल्या पैशांतले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवून ते त्याच प्रकल्पाच्या जमिनीवर आणि बांधकामावर खर्च करावे लागतात. घराचं क्षेत्रफळ चटई क्षेत्रातच (कार्पेट एरिया) सांगायचं. ताबा दिल्यापासून ५ वर्षांत रचनेतला दोष निघाला, तर तो विनामूल्य दुरुस्त करून द्यायचा. ताबा वेळेत नाही मिळाला, तर व्याजासह पैसे परत मागता येतात. हा ग्राहकाचा बिनशर्त हक्क आहे, असं २०२१ च्या न्यूटेक निकालात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं. कायद्याची वैधता मुंबई उच्च न्यायालयानं नीलकमल रिअल्टर्स प्रकरणात डिसेंबर २०१७ मध्ये कायम केली. विद्यार्थ्यासाठी मुद्दा हा की, रेरा आला म्हणून मोफा गेला नाही. महाराष्ट्रात दोन्ही एकत्र वाचावे लागतात. आणि महारेराची, म्हणजे या कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाची, नोंदणी म्हणजे टायटलची हमी नव्हे. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाच्या पानावर वकिलाचा टायटल रिपोर्ट असतो. तो उघडून वाचणारे ग्राहक फार थोडे.

वर्गाबाहेर

एलएल.बी.च्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान २० आठवडे इंटर्नशिप करावी लागते. मालमत्ता कायद्यात काम करायचं असेल, तर त्यातला काही काळ न्यायालयात नाही, तर टायटलचं काम करणाऱ्या कार्यालयात काढावा. मुंबईला सॉलिसिटरांची जुनी परंपरा आहे; बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची परीक्षा आजही होते, आणि त्यासाठी आर्टिकलशिप (सॉलिसिटरच्या हाताखाली उमेदवारी) करावी लागते. अशा कार्यालयात काम साधंच असतं: जुने हस्तलिखित दस्त वाचून तारखांची यादी करायची, सूची क्रमांक दोनचे (इंडेक्स-टू, नोंदणी कार्यालयातली दस्तांची सूची) उतारे दस्तांशी पडताळायचे, कुठल्या दस्तावर मुद्रांक शुल्क कमी भरलंय ते पाहायचं, वर्तमानपत्रात ‘१४ दिवसांत हरकत कळवावी’ असली जाहीर नोटीस द्यायची आणि आलेल्या हरकती तपासायच्या. कंटाळवाणं वाटतं, पण एखाद्या दस्तात अज्ञान (अल्पवयीन) मुलाची मिळकत आईनं न्यायालयाची परवानगी न घेता विकल्याचं पहिल्यांदा आपल्याला दिसतं, १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याचं कलम ८ आठवतं, आणि सज्ञान झाल्यावर तो मुलगा हा व्यवहार रद्द मागू शकला असता हे लक्षात येतं, तेव्हा या अभ्यासाची गोडी लागते.

सराव घरापासूनही सुरू करता येतो. आपण राहतो त्या इमारतीचे कागद सोसायटीच्या सचिवांकडून पाहायला मागा: मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, सोसायटीचं नोंदणी प्रमाणपत्र, कन्व्हेयन्स झालं असेल तर तो दस्त. मिळकत पत्रिका राज्य सरकारच्या महाभूमी संकेतस्थळावरून काढता येते. त्यावर सिटी सर्व्हे क्रमांक, क्षेत्र, धारकाचं नाव आणि मागचे फेरफार असतात. क्षेत्र मंजूर नकाशातल्या क्षेत्राशी जुळवून पाहा, भाडेपट्टा असेल तर त्याची मुदत कधी संपते ते पाहा. धारकाच्या रकान्यात सोसायटीऐवजी बिल्डरचं किंवा मूळ जमीनमालकाचं नाव दिसलं, तर डीम्ड कन्व्हेयन्सचा विषय पुढच्या सर्वसाधारण सभेच्या कार्यसूचीवर घेण्यासाठी आजच लेखी अर्ज देता येतो.